वाया गेलेल्या सालाची लाल वाइन

गेले दोन वीकेंड लिहिणं झालं नाही, त्याबद्दल सॉरी. चाकणच्या एका प्लांटमध्ये आमचं नवीन व्हर्जन लाइव्ह गेलं आणि लाइव्ह गेल्यावर जे जे होतं ते सगळं झालं. असो. आजचा विषय वाइन. (आई, तू हे वाचत असशील तर: यात मामाही आहे, तेव्हा एकट्या माझ्यावर रागावू नकोस.)

झालं असं की मागच्या महिन्यात आम्ही चौघं पिंपळे सौदागरला दादाकडे जमलो होतो. दादा म्हणजे माझा पहिला मॅनेजर. आठ वर्षं कॅलिफोर्नियात ऑनसाइट होता. २०१८ साली परत आला आणि येताना घरच्या सामानात वाइनचा फ्रीज घेऊन आला. फ्रीज तिकडचा, म्हणजे ११० व्होल्टचा. त्याच्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर. वहिनी त्या दोन्ही वस्तूंना 'तुझी पहिली बायको' म्हणतात. पण मे महिन्यात आमच्या फ्लॅटमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हाही त्या फ्रीजमध्ये १४ अंश असतात, आणि आज मी जे लिहितोय ते त्या फ्रीजशिवाय लिहिताच आलं नसतं. लॉफ्टवर ठेवलेल्या बाटलीत पाच वर्षांनी जे उरतं ते सॅलडवर ओतायच्या लायकीचं असतं.

तर दादाने तीन बाटल्या पेपरात गुंडाळून ठेवल्या, वर स्केचपेनने अ, ब, क. नाशिकच्या एकाच वायनरीची एकच शिराझ, वर्षभर लाकडी पिंपात ठेवलेली, फक्त साल वेगळं. वायनरीचं नाव मुद्दाम देत नाही. तीन बाटल्यांवरून कोणाची जाहिरात नको आणि बदनामी तर त्याहून नको.

'अ' गोड वासाची, मुरांब्यासारखी, पहिला घोट छान, दुसऱ्या घोटाला जड. 'क' ठीक, नाव ठेवायला जागा नाही आणि आठवण ठेवायलाही नाही. 'ब' मध्ये मात्र जांभूळ होतं, ताजी कुटलेली काळी मिरी होती आणि एक आंबटपणा होता, पन्ह्यात असतो तसा, अजून एक घोट घ्यायला लावणारा. चौघांपैकी तिघांनी 'ब' ला पहिला नंबर दिला. चौथ्याने 'अ' ला दिला, पण तो चहातही तीन चमचे साखर घालतो.

पेपर काढले. 'अ' २०१८, 'क' २०२०. 'ब' म्हणजे २०१९.

आता यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. तर ही २०१९ आमच्या ओळखीची होती. २०२१ च्या डिसेंबरात, लॉकडाऊनचं सगळं जरा निवळल्यावर, आम्ही हीच टोळी घेऊन नाशिकला गेलो होतो. टेस्टिंग काउंटरवरच्या मुलाने स्वतःहून सांगितलं, "सर, २०१८ घ्या. २०१९ जरा लाइट आहे." लाइट म्हणजे काय ते एका घोटात कळलं. पातळ, आंबट, आणि शेवटी जिभेवर कच्चा पेरू चघळल्यासारखी तुरट. मी तिथल्या तिथे 'वाया गेलेलं साल' असा शेरा मारला होता. वयाच्या तेविसाव्या वर्षी शेरे फार पटकन मारता येतात. दादाने मात्र त्याच २०१९ चा बारा बाटल्यांचा खोका उचलला. सूट होती म्हणून घेतला, असं आम्ही धरून चाललो. (सूट होतीच.)

तर सांगायचा मुद्दा असा, की ते साल वाया गेलेलं नव्हतं. चुकलेलं होतं ते मोजमाप. आणि हे माझ्या एकट्याच्या जिभेपुरतं नाहीये. आपल्याकडे द्राक्षाचं साल चांगलं की वाईट हे ठरवतो कोण, आणि कुठल्या द्राक्षाकडे बघून ठरवतो, तिथेच सगळी गडबड आहे असं माझं मत झालंय.

त्यासाठी आधी २०१८ च्या डिसेंबरात जाऊ.

माझा मामा निफाड तालुक्यात द्राक्षं लावतो. चार एकर थॉमसन, एक्स्पोर्टची. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, सेमिस्टर संपली होती, म्हणून मामाकडे गेलो होतो. त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात निफाडचा पारा २ अंशांच्या खाली उतरला. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला तो आकडा टीव्हीवर दिवसभर फिरत होता, आणि पुण्यामुंबईची मंडळी 'महाराष्ट्राचं काश्मीर' म्हणून फोटो फॉरवर्ड करत होती. आम्ही पहाटे चार वाजता बागेत. बांधावर शेकोट्या पेटवायच्या, धूर बागेत शिरेल अशा बेताने. विहिरीचं पाणी हवेपेक्षा गरम असतं म्हणून ड्रिप चालू करायचं, आणि त्यासाठी आधी वीज असावी लागते. पानांवर दव गोठून पिठीसाखर भुरभुरल्यासारखं दिसत होतं. मी मोबाईल काढून फोटो घेतला. मामाने माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरलेलो नाही.

थंडीने थॉमसनचं काय होतं ते मला त्या आठवड्यात कळलं. मणी फुगायचा थांबतो. पाणी उतरायच्या टप्प्याला आलेला मणी तडकतो. आणि जो वाचतो त्याला गुलाबी झाक येते, त्याला शेतकरी 'पिंक बेरी' म्हणतात. दिवसा ऊन आणि रात्री कडाका, असा फरक वाढला की हिरव्यापिवळ्या द्राक्षात गुलाबी रंग उतरतो. खायला काही फरक पडत नाही, पण एक्स्पोर्टवाला असा घड हातात धरत नाही. म्हणून तर बागाईतदार घडाघडाला पेपर गुंडाळतात. मामाने दोन एकरांना गुंडाळला होता, दोन राहिले होते. राहिलेल्या दोनचा माल लोकल व्यापाऱ्याला गेला, आणि त्या वर्षी मामेबहिणीचं लग्न ठरलेलं पुढे गेलं.

फेब्रुवारीत पुन्हा थंडीची लाट आली. २०१९ चा हंगाम मामाच्या वहीत कायमचा लाल शाईत गेला.

आता गंमत बघा. तो पिंक बेरीचा गुलाबी रंग म्हणजे अँथोसायनिन. काळ्या द्राक्षाच्या सालीत असतो तोच. लाल वाइनचा लाल रंग म्हणजे हेच द्रव्य. म्हणजे मामाच्या थॉमसनमध्ये जो 'दोष' म्हणून बाजूला काढला जातो, तो तिथून तासाभराच्या अंतरावरच्या शिराझच्या बागेत हवाहवासा असतो. गरम रात्री हा रंग कमी करतात, थंड रात्री वाढवतात. मणी फुगला नाही म्हणून मामा रडतो. वाइनवाल्याला मात्र लहान मणीच बरा, कारण लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, आणि रंग, तुरटपणा, वास यांचा मोठा वाटा सालीतच असतो. काळ्या मिरीचंही तसंच. शिराझमधला मिरीचा वास रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे येतो, हे २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं. मिरीतही हेच द्रव्य असतं. आणि ते थंड जागी, थंड वर्षी शिराझमध्ये जास्त उतरतं.

म्हणजे एकच थंडी, आणि दोन द्राक्षांसाठी तिचे दोन उलटे अर्थ. पण पेपरात बातमी येते ती एकच: 'थंडीने द्राक्षबागा धोक्यात'. ती बातमी खोटी नसते. ती खाण्याच्या द्राक्षाची असते, कारण महाराष्ट्रात द्राक्ष म्हणजे खाण्याचं द्राक्ष, वाइनचं त्यापुढे चिमूटभर. पण सालाची जी बदनामी होते ती सगळ्यांना मिळून होते. काउंटरवरच्या त्या पोराच्याही कानावर तेच पडलं असणार, आणि वरून वाइन तरुणपणी आंबट लागली म्हटल्यावर शिक्कामोर्तब.

इथे थोडं तांत्रिक लिहितो, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा. युरोपात द्राक्ष पिकतं ते ऑगस्टच्या उन्हातून सप्टेंबर-ऑक्टोबरच्या थंडीकडे जाताना. आपल्याकडे उलट. आपण वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलला खरड छाटणी आणि पावसाळा संपताना फळछाटणी. त्यामुळे घड पिकतो तो जानेवारीच्या थंडीतून मार्चच्या उन्हाकडे जाताना. शेवटचे तीन आठवडे, म्हणजे ज्या काळात वासाचं सगळं जमून येतं, तेव्हा पारा रोज चढत असतो. उन्हात द्राक्षातलं मॅलिक आम्ल जळून जातं, साखर धावत सुटते. वाइनवाल्यापुढे दोनच वाटा: लवकर तोडा आणि कच्चं घ्या, किंवा थांबा आणि मुरांबा घ्या, मग टाकीत वरून टार्टारिक आम्ल घाला. (गरम देशांत हे सर्रास चालतं, लपवण्यासारखं त्यात काही नाही.) थंड सालात ही घाई थोडी कमी होते. साखर रेंगाळते, आम्ल टिकतं, आणि तोडणी पुढे ढकलायला आठ-पंधरा दिवस मिळतात. युरोपात थंड साल म्हणजे द्राक्ष पिकेल की नाही याची धास्ती. २० अक्षांशावर, आपल्या नाशिकला, न पिकण्याची धास्ती फारशी नसतेच. आपला प्रश्न जास्त पिकण्याचा आहे. तरी आपण धास्ती मात्र त्यांची उसनी घेतली आहे.

बरं, त्यांच्याकडे तरी थंड सालांचा हिशोब बरोबर लागतो का? दादाच्या फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात नापाची २०११ ची कॅबर्ने आहे. त्या वर्षी नापात वसंत थंड, उन्हाळा थंड, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला ऐन तोडणीच्या तोंडावर पाऊस. दरीच्या तळाच्या बागांत बुरशी घुसली. समीक्षकांनी सालाला धोपटलं. त्याआधी १९९८ ला असंच झालं होतं, एल निन्योचं थंड वर्ष, गाजलेल्या १९९७ च्या पाठोपाठ आलेलं, त्यामुळे जास्तच बिचारं. त्या काळात तिकडे जी वाइन नावाजली जायची ती गडद, गोडसर, १५ टक्के अल्कोहोलची. २०११ त्या साच्यात बसत नव्हती. दादा सांगतो, २०१४ ला दुकानात ती निम्म्या किमतीला पडली होती. पुढे दहाएक वर्षांनी लोक ती उघडायला लागले आणि ताजी, हलकी, जेवणाबरोबर चालणारी म्हणून तिचं कौतुक सुरू झालं. सगळ्यांची नाही हं. डोंगरउतारावरच्या बागा, आणि ज्यांनी सडके घड निवडून फेकले, त्यांची.

बोर्दोत २०२१ ला तेच. एप्रिलमध्ये दहिवर पडलं, उन्हाळा थंड गेला, केवडा रोगाने छळलं. अनेकांना रसात साखर घालावी लागली, जी वेळ तिकडे बऱ्याच वर्षांत आली नव्हती. आणि आधीची तीन सालं, २०१८, २०१९, २०२०, एकाहून एक गाजलेली. बोर्दोची पद्धत अशी की तोडणीनंतरच्या वसंतात, वाइन पिंपात असतानाच, समीक्षक येऊन मार्क देऊन जातात. जेमतेम सहा महिन्यांचं पोर. गरम सालाची वाइन त्या वयातही गोडगोड वागते. थंड सालाची तेव्हा नुसतं आम्ल आणि तुरटपणा असते. प्रोबेशनमध्ये अप्रेझल करून तेच रेटिंग जन्मभर चालवल्यासारखं आहे हे. अलीकडे २०२१ बद्दल लिहिणाऱ्यांचा सूर बदलायला लागलाय, पण निकाल अजून लागायचाय.

आमच्या पट्ट्यात 'साल' या कल्पनेच्या जवळ जाणारा एक शब्द आहे: हीट नंबर. भोसरी-चाकणच्या कुठल्याही फाउंड्रीवाल्याला विचारा. भट्टीतून एका वेळी जो रस निघतो त्याला एक नंबर मिळतो, आणि त्या रसाच्या प्रत्येक कास्टिंगच्या मागे तो नंबर जन्मभर चालतो. केमिस्ट्री फेल गेली, कार्बन जास्त निघाला, की त्या हीटचा सगळा माल बाजूला. मी पोटापाण्यासाठी जे सॉफ्टवेअर लिहितो त्याचं अर्धं काम हेच, कुठला पार्ट कुठल्या हीटचा ते शोधून काढणं. तिथे हे बरोबरच आहे, कारण रस एकच होता, एका भट्टीतला. पण बाटलीवरचं साल म्हणजे हीट नंबर नव्हे. २०१९ या एका आकड्याखाली दिंडोरीची टेकडी आहे, निफाडचा सखल भाग आहे, खाली सोलापूर-सांगलीकडच्या गरम बागा आहेत, जानेवारीत तोडलेलं आहे आणि मार्चअखेर तोडलेलं आहे. शंभर भट्ट्यांचा माल एका नंबरात टाकायचा आणि दोन पार्ट तपासून लॉट रिजेक्ट करायचा, असं आमच्याकडे कोणी केलं तर क्वालिटीवाला उभा फाडेल. वाइनमध्ये ते बिनबोभाट चालतं. आणि आमच्याकडे निदान 'डेव्हिएशनवर पास' नावाची एक पळवाट तरी आहे :)

हे लिहिताना मला स्वतःचीच हीट आठवते. मी २०२० चा. शेवटची सेमिस्टर घरी बसून, व्हायव्हा फोनवर. नंतर दोनतीन वर्षं आमच्या मागे 'कोरोना पास' हा शिक्का फिरत होता. आता मी पॅनेलवर बसतो. गेल्या वर्षी एका सीनियरने समोरचा रेझ्युमे न वाचता, फक्त पासिंग इयर बघून बाजूला सरकवला आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू अपवाद आहेस रे." मी हसलो. काय बोलणार? त्या मुलाला मी नंतर आग्रहाने बोलावलं. तो काही फार भारी निघाला नाही हेही सांगून टाकतो, नाहीतर गोष्ट उगीच सिनेमासारखी व्हायची.

तसंच थंड सालाचंही आहे. सगळ्या बदनाम सालांची बाजू घ्यायला मी निघालेलो नाही. थंड साल वेगळं आणि ओलं साल वेगळं. हा फरक आपल्याकडे बोलताना पार पुसला जातो, दोन्हीला मिळून 'हवामानाने घात केला' म्हणतात. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा फळछाटणी होऊन घड बाहेर पडत होते. नेमका फुलोऱ्याच्या आसपास अवकाळी पाऊस, ढगाळ हवा, आणि मागोमाग केवडा. मामाच्या वहीत ते साल २०१९ च्याही वर आहे. असा माल सडला की सडला, त्यातून दहा वर्षांनी काही चमत्कार बाहेर पडत नाही. थंडी उशीर करते, पाऊस नासवतो. नापा २०११ मध्ये दोन्ही एकत्र होतं, म्हणून तिथे निवड करणारा वाचला आणि बाकीचे बुडाले. आपल्या २०१९ ला थंडी होती, पण तोडणीच्या तोंडावरचा तसा पाऊस नव्हता. उलट २०१८ चा पावसाळाच कमी झाला होता, अर्ध्या राज्यात दुष्काळ जाहीर झाला होता.

आणि इथे माझ्यातला टेस्टर जागा होतो. थंडीही होती आणि पाणीही कमी होतं, म्हणजे दोन व्हेरिएबल एकदम बदलले. मणी लहान राहिला तो थंडीने की तहानेने? 'ब' बाटलीचं श्रेय नक्की कोणाचं? चार माणसं आणि तीन बाटल्यांवरून सांगता येत नाही. शिवाय त्याच वायनरीची २०१९ ची कॅबर्ने आम्ही त्याच रात्री उघडली, तिला सिमला मिरचीचा हिरवा वास होता, तो सहा वर्षांनीही गेलेला नाही. कॅबर्नेत तो वास पिकण्याबरोबर कमी होत जातो. थंडीत, पानांच्या सावलीत अडकलेल्या घडात तो तसाच राहतो. म्हणजे शिराझला जी थंडी मानवली ती शेजारच्या कॅबर्नेला मानवली नाही, निदान त्या बागेत. तेव्हा '२०१९ भारी साल आहे' असं म्हणून मी उलटा शिक्का मारणार नाही. एवढंच म्हणतो की माझा आधीचा शिक्का मी परत घेतोय, आणि ज्यांच्याकडे त्या सालाची बरी जपलेली शिराझ असेल त्यांनी ती ओतून टाकण्याआधी एकदा उघडून बघावी. थोडी थंड करून. आपल्याकडे लाल वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यायची म्हणतात ते कुठल्या रूमचं? वाकडच्या एप्रिलमधल्या नक्कीच नाही. वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, कोणी हसलं तर हसू दे.

एक तक्रार मात्र करायची आहेच. बाणेर-बालेवाडीपासून कोरेगाव पार्कपर्यंत कुठल्याही मेनू कार्डावर बघा. आपली वाइन असेल तर नाव असतं, किंमत असते, साल नसतं. वेटरला विचारलं तर तो बाटली आणून दाखवतो, आणि बऱ्याचदा त्याला स्वतःलाच पहिल्यांदा कळतं. दुकानात तीन वेगळी सालं एकाच फळीवर एकाच किमतीला, पुढे असेल ती द्यायची. म्हणजे आपल्याकडे वाईट साल नाही तसं चांगलं सालही नाही, कारण कोणी बघतच नाही. १९८० च्या दशकात नारायणगावला फेसाळणारी वाइन बनवून परदेशात पाठवायला सुरुवात झाली, त्याला चाळीस वर्षं होत आली. २००१ मध्ये सरकारने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं. एवढ्या काळात कुठल्या सालची थंडी कुठल्या बागेत काय करून गेली, हे वाइनवाल्यांच्या तळघरात आणि वह्यांत असणारच. मागच्या लेबलवर 'उत्तम मटणाबरोबर' लिहिण्याऐवजी तोडणीची तारीख लिहा ना. आठ अक्षरं जास्त लागतील.

आता मामा.

मामा मागच्या आठवड्यात भोसरीला आला होता, फवारणीच्या ब्लोअरचा पंप दुरुस्तीला. रात्री मुक्काम माझ्याकडे. दादाने मला २०१९ ची एक बाटली दिली होती ती मी उघडली. मामा वाइन पितो, पण माझ्यासारखा ग्लास फिरवत बसत नाही. २००८ च्या आधी त्याने एक एकर शिराझ लावली होती, एका वायनरीशी करार करून. मग मंदी आली, माल पडून राहिला, कराराचा कागद उरला. वाइनचं द्राक्ष मार्केटला नेऊन विकता येत नाही. बारका मणी, जाड साल, आत बिया, कोण घेणार? २०१० ला त्याने ती बाग कुऱ्हाडीने तोडली. मी बारा वर्षांचा होतो, मला ते फक्त 'सुट्टीत खूप सरपण होतं' असं आठवतं.

मी त्याला सगळं सांगितलं. पेपरात गुंडाळलेल्या बाटल्या, पिंक बेरी, अँथोसायनिन, मिरी. तो ऐकत होता. घोट घेतला, तोंडात घोळवला, अगदी हिरवा मणी चावून साखर बघतात तसा.

"आंबटे," म्हणाला. मग जरा वेळाने, "पण बरी आंबटे."

"मामा, तुमच्या शिराझला त्या वर्षी असंच आलं असतं."

"असती तर."

त्याने बाटली फिरवून लेबल वाचलं, दोन हजार एकोणीस यावर बोट ठेवलं. "किती पडली?"

"अकराशे."

"एका बाटलीला किती माल लागतो?"

"किलोभर. सव्वा किलो धरा."

मामाने काही हिशोब केला, तो मला सांगितला नाही. ग्लास संपवला आणि पुढे सरकवला. मी परत भरला. मग त्याने मोबाईल काढला आणि कुंदेवाडीचा आजचा पारा किती ते बघत बसला.